पैलवानाचा कान आणि शेजारचा तुकडा

"आमच्या आण्णांच्या काचेवर दुसऱ्याचं मांस? कुनाला इचारून लावलं ओ तुमी?"

संपतच्या त्या आरोळीनं आमच्या लॅबमधल्या काचपट्ट्या खणखणल्या, शेजारच्या कँटीनमध्ये कढईतले वडे आपणहून उलटले आणि बाहेर पौड रस्त्यावर एका डंपरनं ब्रेक लावला. यातलं शेवटचं खोटं आहे. त्या रस्त्यावर डंपर कुणासाठीच ब्रेक लावत नाहीत. बाकीचं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

"आधी आवाज खाली," मी म्हणाले. माझा खालचा आवाजसुद्धा असा, की समोरच्या डोंगरावरची गुरं मान वर करतात. "हे हॉस्पिटल आहे, बैलगाडा शर्यतीचा घाट नाही."

"घाट आसंल न्हाईतर आनखी काय आसंल. आमचा मानूस हाय त्यो. त्याच्या शेजारी तुमी कोन बसिवला, कुटला, कुनाचा, ह्ये आमाला कळाय नगं?"

संपतच्या मागे स्टुलावर त्याचे वडील बसले होते. म्हणजे स्टूल असावं असा माझा अंदाज. आण्णांच्या खाली ते दिसत नव्हतं. सत्तरी कधीच ओलांडलेला पैलवान, पांढराशुभ्र सदरा, आणि डाव्या कानाच्या शेंड्यावर चिकटपट्टी. मुलाच्या आरडाओरड्याशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

आता हे काच काय, मांस काय, हे तुम्हाला कळायला हवं, तर आधी माझा धंदा कळायला हवा.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे जिच्याकडे रोगी येत नाही, रोग्याचा तुकडा येतो, अशी डॉक्टर. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "कसल्या डॉक्टर तुम्ही?" की मी म्हणते, "तुकड्यांची." शेजारचा माणूस जिलबीचं ताट घेऊन जरा लांब सरकतो. पौडला आमच्या विहारामागच्या घरात माझ्या आईनं शेवटपर्यंत लोकांना हेच सांगितलं, की लेक डॉक्टर आहे पण औषध देत नाही, तेव्हा खोकला घेऊन येऊ नका.

तुकडे कसे येतात याच्याही कथा आहेत. ताम्हिणीकडच्या एका आजींनी पाठीची गाठ गावातल्या डॉक्टरकडून काढून घेतली आणि मला आणून दिली ती कैरीच्या लोणच्याच्या बरणीत, वर बोटभर तेलाचा थर देऊन. तुकडा फॉर्मॅलिनच्या पाण्यात आणायचा असतो. "टिकाया पायजे ना बाई," आजी म्हणाल्या. तपासणीला गाठ काही उपयोगाची राहिली नव्हती. पण खोटं कशाला बोलू, बरणी उघडल्यावर मला भूक लागली.

तुकडा आला की तो मेणात बसवायचा. मग त्या मेणाच्या ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याला लाजवतील इतके पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवायचे, गुलाबी-जांभळ्या रंगात बुचकळायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. काप काढायचं काम आमच्या वंदनाचं. ती एवढे पातळ काप काढते, की एकदा एक काप पंख्याच्या वाऱ्यानं उडाला तो म्हणे बावधनला सापडला.

कातडी म्हणजे भरलेलं गाव समजा. वरच्या आळीला फरशीसारख्या रचलेल्या पेशी, त्यांच्यात अधूनमधून काळा रंग तयार करणाऱ्या रंगपेशी, खाली दोरखंड विणणाऱ्या, स्नायूंच्या, नसांच्या, रक्तवाहिन्यांच्या. शहाण्या असतात तोवर प्रत्येकीचं रूप वेगळं, लांबून ओळखू येतं. पण कर्करोग होऊन एकदा का बिथरल्या, की काही जणी अशा रूप टाकतात की विचारू नका. गुलाल उधळून झालेल्या मिरवणुकीत सख्खा भाऊ ओळखू येत नाही, तसं. सगळे गुलाबी, सगळे नाचतायत, आणि कोण कुठल्या घरचा देव जाणे.

आणि ते जाणून तर घ्यावंच लागतं. कारण घराप्रमाणे इलाज. एक कर्करोग नुसता कापून काढला की माणूस पुढची वीस वर्षं भांडायला मोकळा. दुसरा, दिसायला अगदी त्याच्यासारखा, पण आपण पुढून दार लावेपर्यंत मागून यकृतात जाऊन बसलेला.

म्हणून मार्कर. गावात अनोळखी पोर दिसलं की पारावरची म्हातारी काय विचारते? "कुनाचा रं तू?" मार्करचं द्रावण पेशीला तेच विचारतं. पेशीनं रूप टाकलं, रीत टाकली, तरी घरची एखादी खूण अंगावर राहिलेली असते. ती सापडली तर तिथं तपकिरी रंग धरतो. नाही सापडली तर कोरं. रंगपेशीच्या घरचं द्रावण वेगळं, वरच्या आळीचं वेगळं, स्नायूचं वेगळं. एकेका द्रावणासाठी एकेक काच, आणि एकेका काचेवर तोच प्रश्न.

आण्णांच्या कानाच्या शेंड्यावर टरारून गाठ आली होती. उन्हात आयुष्य गेलेलं, गाठ लाल, खाजवली की रक्त येणारी, थोड्या महिन्यांत बोराएवढी झालेली. आमचे सर्जन डॉक्टर शिरीष यांनी तिचा चिमूटभर तुकडा काढून माझ्याकडे पाठवला. मी तो मायक्रोस्कोपखाली पाहिला आणि खुर्चीसकट मागे सरकले. पेशी कसल्या, राक्षस! एकेकीच्या पोटात चार-चार केंद्रकं, कुणी लांबुडक्या, कुणी वाकड्यातिकड्या, आणि विभागणी अशी चाललेली की जणू आज रात्री जग बुडणार आहे. असं ध्यान मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलंय, त्यातलं एक माझ्या सासरी.

असं दिसलं की संशयित तीन-चार. पहिला मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, सगळ्यांत वाईट. तो असला तर शिरीषचा बेत ठरलेला होता: अख्खा कान काढायचा, मानेतल्या गाठीही तपासायच्या. दुसरा वरच्या आळीचा, तिसरा स्नायूचा. आणि चौथा एक विचित्र प्राणी, आपल्याकडे क्वचित भेटणारा. तो दिसायला सगळ्यांत भयंकर आणि वागायला सगळ्यांत गरीब. कडेनं नीट कापून काढला की बहुधा जातो. कानाचा शेंडा जातो, कान राहतो.

आता कानाचं एवढं काय, असं पुण्यातल्या माणसाला वाटेल. शिरीषलाही वाटलं होतं. "आण्णा, या वयात कानाचं काय घेऊन बसलात?" असं तो म्हणाला, तेव्हा आण्णांनी त्याला दोन्ही कान दाखवले होते. डावा कान मातीत घासून, कुस्तीत मोडून, फुगून कांदाभजीसारखा झालेला. उजवा कोराकरकरीत.

"ह्यो बगा," उजव्या कानाला हात लावत आण्णा म्हणाले, "ह्यो तलाठ्याचा कान. आन् ह्यो डावा, ह्यो पैलवानाचा. जत्रंच्या फडात मी पंच म्हनून बसतो. नवी पोरं आदी माझ्या कानाकडं बगत्यात, मंग पाया पडत्यात. ह्योच गेला तर मी तितं कोन म्हनून बसू? कान जायचा आसंल तर मला घरी न्या. मी हाय आसाच बरा."

आणि ते खरंच घरी गेले असते. हा माणूस भूलथापांना हलणारा नव्हता, भुलीच्या इंजेक्शनलाही हलला नव्हता. गाठ तशीच ठेवून घरी जाणं म्हणजे, ती मेलानोमा असली तर कानाबरोबर माणूसही जाणार. तेव्हा कान आणि माणूस दोन्ही, वंदनाच्या काचांवर टांगून होते.

आता तो शेजारचा तुकडा. समजा पारावरच्या म्हातारीनं विचारलं, "कुनाचा रं तू?" आणि पोर गप्प राहिलं. ते त्या घरचं नाही म्हणून गप्प, की म्हातारीचाच आवाज बसलाय म्हणून त्याला ऐकू गेलं नाही? द्रावण शिळं झालं, वंदनानं ओव्हनचं तापमान चुकवलं, तर कोणतीच पेशी रंगणार नाही, आणि आपण म्हणणार, "नाही हो, मेलानोमा नाही." म्हणून जगभरची रीत अशी, की रोग्याच्या तुकड्याबरोबर त्याच काचेवर एक ओळखीचा तुकडा ठेवायचा, जो हमखास उत्तर देतो. रंगपेशींच्या द्रावणासाठी आम्ही तीळ ठेवतो. तीळ म्हणजे रंगपेशींचा निरुपद्रवी मेळावा. त्यानं "व्हय, आमीच त्ये" म्हणून तपकिरी रंग धरला, की समजायचं म्हातारीचा आवाज शाबूत आहे. मग रोग्याचा तुकडा गप्प राहिला तर ते खरं गप्प.

वरचा तुकडा शेजाऱ्याचा, खालचा रोग्याचा. हे आमच्या लॅबमधल्या झुरळांनाही माहीत आहे.

शिरीषला माहीत नव्हतं.

मी चहाला गेले होते. एवढ्यात शिरीष लॅबमध्ये आला, रंगपेशीच्या द्रावणाची पहिली काच तयार आहे असं वंदनाकडून त्याला कळलं, आणि स्वतःच मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला. वंदना "सर, मॅडम येऊ देत," म्हणत होती. सर्जनला थांबवणं म्हणजे उतारावरच्या डंपरला हात दाखवणं. त्यानं काचेच्या वरच्या टोकाला पाहिलं, तिथं सगळं तपकिरी, सगळं उत्तर देतंय. "मेलानोमा!" असं म्हणून तो उठला तो थेट वॉर्डात. मी कटिंगचा दुसरा घोट घेईपर्यंत त्यानं संपतला सांगूनही टाकलं, की कान काढावा लागेल. आण्णांनी पलंगाखालून चपला ओढल्या.

मी येऊन काच पाहिली. वरचा तीळ छान रंगलेला. खाली आण्णांची गाठ? कोरी. ढिम्म. मी धावले. माझ्या धावण्यानं भूकंपमापकावर नोंद झाली असेल. वॉर्डाच्या दारात आण्णांना गाठलं आणि धापा टाकत सांगितलं, "आण्णा, थांबा! डॉक्टरांनी पाहिलं ते तुमचं नाहीच. त्याच काचेवर दुसऱ्याचा तुकडा असतो, ते तो बघून आले!"

माझी समजूत, की लोक आनंदानं माझ्या गळ्यात पडतील. त्याऐवजी संपत त्या तुकड्याच्या गळ्याला धरायला, आण्णांना घेऊन, माझ्यामागोमाग लॅबमध्ये आला. इथं आपण सुरुवातीच्या त्या आरोळीशी पोचतो.

मी त्याला सगळं समजावलं. पारावरची म्हातारी, पोर, गप्प राहणं, सगळं. संपतनं शांतपणे ऐकून घेतलं. महाळुंग्यात जमीन विकून आता स्वतः प्लॉट विकत होता, ऐकून घ्यायची सवय होती.

"कळलं," तो म्हणाला. "साक्षीदार पायजे. बरूबर हाय. पर मंग आण्णांना येगळी काच द्या, आन् साक्षीदाराला येगळी."

"वेगळ्या काचेला वेगळं पाणी, वेगळा हात लागतो. मग साक्ष कसली? दोघांवरून एकच द्रावण जायला पाहिजे."

"एकच पानी?"

"एकच."

त्यानं डोकं खाजवलं. मग जरा जवळ येऊन, आवाज उतरवून म्हणाला, "म्याडम, आसं करा ना. साक्षीदार ऱ्हाऊ द्या. फकस्त आमच्यातला कुनीतरी लावा. भावकीतला."

वंदनानं तोंडावर रुमाल धरला. ती मेणाच्या ठोकळ्याशी उगाच काहीतरी करायला लागली. मी मात्र अगदी गंभीर राहिले. या धंद्यात राक्षस बघूनही चेहरा सरळ ठेवायची सवय लागते.

"लावू की," मी म्हणाले. "तीळ पाहिजे फक्त. हा तुमच्या गालावरचा चालेल. मोठा आहे, झकास रंगेल. वंदना, शिरीषसरांना हाक मार, ब्लेड घेऊन या म्हणावं."

संपतनं गालावर हात ठेवला तो शेवटपर्यंत काढला नाही.

शिरीष तेवढ्यात खरंच दारात आला होता. ब्लेड नव्हतं, तोंड मात्र उतरलेलं होतं. आणि त्याच क्षणी आण्णांनी कॅलेंडरवरून नजर काढून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पर म्याडम, हाय कुनाचं त्ये?"

रोग्याचं नाव सांगायचं नसतं. ही आमची शपथ आहे आणि मी ती पाळते. पण या तुकड्याचं नाव सांगायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

"माझं," मी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाठ फिरवून खांद्यामागे बोट दाखवलं.

"माझ्या पाठीवर मोठा तीळ होता. ब्लाउजच्या कडेला घासायचा म्हणून काढून घेतला. चांगला भरलेला निघाला. म्हटलं, फेकायचा कशाला? मेणात बसवला. तेव्हापासून या लॅबमध्ये रंगपेशीचा प्रश्न निघाला, की साक्षीला मीच असते. अख्ख्या मुळशी तालुक्यातल्या कातड्यांच्या शेजारी बसून झालंय माझं. कुणाची भावकी विचारली नाही मी."

"म्हणजे," दारातून शिरीष म्हणाला, "मी तुझ्या तिळाला मेलानोमा म्हणालो?"

"आणि माझ्याबद्दल काही वाईट वाटल्याचं तुझ्या तोंडावर दिसलं नाही."

संपत गालावरचा हात न काढता एकदा माझ्याकडे, एकदा काचेकडे, एकदा वडिलांकडे बघत होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला चांगलं कळत होतं. पौडच्या विहारामागच्या लेकीला ते कळायला मार्कर लागत नाही. मी वाट बघत होते. आयुष्यभर बघितलीय, अजून थोडी.

आण्णा उठले. खालचं स्टूल दिसायला लागलं. मायक्रोस्कोपजवळ आले, काच बोटात धरून खिडकीच्या उजेडात बघितली. वर एक ठिपका, खाली एक ठिपका.

"वर तुमी, खाली मी?"

"हो आण्णा."

"म्हंजी तुमी मला पाडलं."

"कुस्ती तुमची आणि त्या गाठीची. मी फडाच्या कडेला बसलेय."

"पंच?"

"पंच."

आण्णांनी काच परत ठेवली आणि मुलाकडे वळले. "संपत, पंचाला कंदी घर इचारत्यात का रं? चपला ठीव पलंगाखाली. आन् गालावरला हात काड, दात दुखल्यावानी दिसतुया."

मग बाकीच्या काचा झाल्या. वरच्या आळीचं द्रावण: गाठ गप्प. स्नायूचं: गप्प. रक्तवाहिनीचं: गप्प. रंगपेशीचं दुसरं एक द्रावण होतं, तेही लावलं, शेजारी मी होतेच: मी तपकिरी, गाठ गप्प. आण्णांच्या स्वतःच्या तुकड्यात पहिल्या काचेवर एक बारीकशी नसही तपकिरी झालेली होती (रंगपेशीची ती खूण नसांच्या अंगावरही असते), म्हणजे द्रावण खालच्या टोकापर्यंत पोचत होतं याची घरचीच साक्ष मिळाली. एका शेवटच्या मार्करला गाठीनं होकार दिला. पण तो मार्कर म्हणजे गावातला तो माणूस, जो कुणाच्याही वरातीत नाचतो. त्याच्या एकट्याच्या होकारावर सोयरीक जुळवत नाहीत. सगळ्या घरांनी हात वर केले, तेव्हा उरला तो चौथा. राक्षसाच्या रूपातला गरीब.

हे निदान सांगणं हीच एक शिक्षा आहे. "काय सापडलं?" "काही नाही." "मग झालंय काय?" "हेच." शिरीषला मी ते तीनदा सांगितलं. त्यानं या वेळी मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधी विचारलं, "वर कोण आहे?"

हसण्यावारी नेते मी, पण सगळ्याच गोष्टी अशा हसत सुटत नाहीत. कोळवणकडच्या एका बाईंची पापणीवरची रांजणवाडी, पुन्हा पुन्हा येते म्हणून मलम लावत राहिलेली, माझ्या काचेवर आली तेव्हा ती रांजणवाडी नव्हतीच. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचा कर्करोग होता. मार्करनं चोख उत्तर दिलं. पण डोळा वाचायची वेळ टळून गेली होती. तिचा तुकडा कुणी आधी पाठवला असता तर, हे मला आजही अधूनमधून वाटतं. उत्तर बरोबर असून उपयोग नसतो, प्रश्न वेळेवर विचारावा लागतो.

आण्णांचा वेळेवर विचारला गेला. शिरीषनं कानाच्या शेंड्याचा चंद्रकोरीच्या आकाराचा भाग काढला. त्याच्या कडा मी चारी बाजूंनी तपासल्या, सगळ्या स्वच्छ. अधूनमधून येऊन दाखवत राहायचं, एवढंच. मोडलेला कान मोडलेलाच राहिला, उलट वरून घास घेतल्यासारखा दिसत असल्यानं आधीपेक्षा भयंकर. येत्या जत्रेत पोरं दोनदा पाया पडतील अशी माझी खात्री होती.

टाके काढले त्या दिवशी मी मुद्दाम वॉर्डात गेले. सहसा आम्हाला रोग्याचं तोंड दिसत नाही. इथं तर मी त्याच्या कानाशी नातं जोडून बसले होते. संपतनं माझ्यासाठी स्वतः खुर्ची आणली, स्वतः पुसली आणि पलंगाच्या डाव्या अंगाला ठेवली. मी बसले आणि त्या वाचलेल्या कानाशी वाकून, वॉर्ड आहे म्हणून चक्क कुजबुजत, आण्णांना सगळं सांगितलं. गुलालातली मिरवणूक सांगितली. राक्षस सांगितले. एकेका घरानं कसे हात वर केले ते अभिनयासकट सांगितलं. काहीच न सापडणं हेच कधी कधी सापडणं असतं, हे माझं विद्यार्थ्यांसमोरचं आवडतं वाक्यही टाकलं. आण्णा समोर बघत गंभीरपणे मान डोलवत होते. इतका गुणी श्रोता मला वर्गात एकदाही मिळालेला नाही. शेजारच्या पलंगावरचा रोगी उठून बसला, नर्स इंजेक्शन हातात धरून थांबली.

"समजलं ना आण्णा?" मी शेवटी विचारलं.

आण्णा तसेच समोर बघत राहिले. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. तेव्हा त्यांनी मान वळवली, माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि म्हणाले, "आँ? ह्या अंगाला या म्याडम. त्या कानानं मला तरनेपनापास्नं काय बी ऐकू येत न्हाई."